‘ड्रॅक्युला’ तारखेबरहुकूम वाचायची की प्रकरणांच्या क्रमाने? (नागपूर वाचनगट)

रामदासपेठी:
गटाचं यंदाचं पुस्तक ठरलं, ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’. पुस्तकावर एकमत झालं, वाचायचं कसं यावर झालं नाही, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. १८९७ साली लंडनला निघालेल्या या कादंबरीला एकच एक निवेदक नाही. रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं, एका जहाजाची नोंदवही, आणि एका डॉक्टरने फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेली टिपणं, यांवर २७ प्रकरणं उभी आहेत. जवळपास प्रत्येक कागदावर तारीख आहे. पहिली नोंद ३ मेची, शेवटची झटापट ६ नोव्हेंबरची.

एका पक्षाचं म्हणणं, ज्या दिवसाची नोंद ती त्या दिवशी वाचायची. २०२१ पासून ‘ड्रॅक्युला डेली’ नावाने ईमेलवर हा प्रकार चालतो आणि तो चांगलाच उचलला गेला. दुसरा पक्ष म्हणतो, स्टोकरने कागद ज्या क्रमाने लावलेत त्यातच खरी कारागिरी आहे, ती मोडू नका.

तर प्रश्न दोन. तारखेने वाचलं तर नेमकं काय बिघडतं? आणि शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना सव्वाशे वर्षांनी हे पुस्तक वाचकाला धरून का ठेवतं? सिनेमे बघून मतं देऊ नयेत ही नम्र विनंती.

संत्राबर्फी:
३ मेला सुरुवात म्हणजे ४४ डिग्री. कूलरच्या आवाजात लांडग्यांचं रडणं ऐकू येणार नाही, एवढीच नोंद करून ठेवते.

कागदोपत्री:
पहिल्या प्रश्नावर. बिघाड सगळीकडे होत नाही, दोन ठिकाणी होतो. बाकी ठिकाणी उलट फायदा आहे.

पहिलं ठिकाण सातवं प्रकरण. पुस्तकात आधी ८ ऑगस्टचं कात्रण येतं: व्हिटबी बंदर, वादळ, सगळी शिडं उभारलेलं एक जहाज बेफाम आत घुसतं, सुकाणूला एक प्रेत हात बांधलेल्या अवस्थेत, हातात क्रूस, आणि जहाज वाळूत रुतताच एक मोठा कुत्रा उडी मारून अंधारात पसार. त्यानंतर त्या जहाजाची, म्हणजे ‘डीमीटर’ची, नोंदवही. म्हणजे आधी निकाल, मग तपास. नोंदवहीची पहिली तारीख ६ जुलै. कप्तान, दोन मेट, एक स्वयंपाकी, पाच खलाशी, एकूण ९ माणसं. ती एकेक करून कमी होत जातात. तारखेने वाचलात तर ही गळती आधी कळते आणि सुकाणूवरच्या प्रेताचा धक्का संपतो.

मात्र एक गोष्ट तारखेनेच हाती लागते. नोंदवही ४ ऑगस्टला थांबते आणि जहाज लागतं ७ आणि ८ तारखेच्या मधल्या रात्री. छापील पुस्तकात हे मधले तीन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाहीत. रोज वाट बघणाऱ्याला नोंदवहीचे ते तीन दिवस खरोखर कोरे जातात.

दुसरं ठिकाण सप्टेंबरअखेर. १७ ते २३ ही सात प्रकरणं २९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर एवढ्यात कोंबलेली आहेत. ३ ऑक्टोबर या एकाच तारखेवर तर इतकं घडतं की नोकरी सांभाळून एका दिवसात ते वाचून होणार नाही. गट इथेच फुटतो. निम्मे पुढे निघून जातात, निम्मे मागे राहतात, आणि बैठकीत कोणी काय बोलायचं याचाच घोळ होतो. उलट जूनमध्ये नोंदी अगदी विरळ. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेला इंग्रज वकील हार्कर, त्याच्या १७, २४, २५, २९, ३० जून आणि वेड्यांच्या इस्पितळाचा डॉक्टर सुअर्ड, त्याच्या ५ आणि १८ जून. झालं.

फायद्याची जागा सांगतो. १९ मेला काउंट, म्हणजे ड्रॅक्युला, हार्करकडून तीन पत्रं आगाऊ तारखा घालून लिहून घेतो: काम संपत आलं, उद्या निघतो, किल्ला सोडला. तारखा १२ जून, १९ जून, २९ जून. हार्करला तिथेच कळतं की आपलं आयुष्य किती तारखेपर्यंत मोजलेलं आहे. पुस्तक सलग वाचताना १९ मे ते २९ जून हे अंतर पंधरा मिनिटांत उलटतं. तारखेने वाचणाऱ्याच्या डोक्यात ती २९ जून एकेचाळीस दिवस टांगून राहते. आणि मध्येच २४ मेला हार्करच्या नियोजित बायकोची, मीनाची, मैत्रीण लुसी हिचं एका दिवसात तीन मागण्या आल्याचं फुलपाखरी पत्र येऊन पडतं. पुस्तकात ते पाचव्या प्रकरणात, हार्करला किल्ल्याच्या भिंतीवर सोडल्यानंतर येतं.

वऱ्हाडी_वाघ:
तारखा-फारखा ठीक आहे बावा, पन मुद्द्याचं कोनीच बोलून नाही राहिलं. पुस्तकाचं नाव ड्रॅक्युला, अन् चौथ्या प्रकरनानंतर ड्रॅक्युलाच गायब! मंग मानूस उरलेली २३ प्रकरनं काऊन वाचते? पह्यली चार एक नंबर आहेत, याच्यात वादच नाही. हार्कर खिडकीतून पाह्यते तं काउंट भिंतीवरून डोकं खाली करून पालीसारखा उतरून राह्यला. दाढीच्या आरशात हार्करले स्वतःचा चेहरा दिसते, मागं उभा असलेला काउंट दिसत नाही. अन् मले सगळ्यात भारी वाटते ते म्हनजे दाराच्या फटीतून दिसते का काउंट सोताच जेवनाचं टेबल मांडून राह्यला. नोकर-चाकर कोनीच नाही घरात! तिथं पोटात गोळा येते. मंग व्हिटबीले आल्यावर पत्रं, पत्रं, अन् पत्रंच.

मध्यरात्रीचा_चहा:
वाघभाऊ, तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. काउंट गायब होतो म्हणूनच पुढचं चालतं.

पहिल्या चार प्रकरणांत स्टोकर वाचकाला एक यादी शिकवतो: लांडगे त्याचं ऐकतात, त्याला प्रतिबिंब नाही, दिवसा तो पेटीत पडून असतो, तळघरात ५० पेट्या आहेत. त्यानंतर तो माणूस काढून घेतो आणि फक्त खुणा ठेवतो. कुत्रा, वटवाघूळ, धुकं, खिडकीवरची धडक, गळ्यावरचे दोन ठिपके, वेड्यांच्या इस्पितळात माश्या खाणारा रेनफिल्ड. प्रत्येक खूण वाचकाला ओळखू येते आणि पुस्तकातल्या जवळपास कोणालाच येत नाही, कारण किल्ल्यातली रोजनिशी फक्त आपण वाचलेली असते.

ती रोजनिशी त्या वेळी कुठे असते ते बघा. हार्कर बुडापेस्टच्या इस्पितळात सापडतो, तिथेच मीनाशी लग्न लागतं. मीना ती वही पांढऱ्या कागदात गुंडाळते, गळ्यातल्या फिक्या निळ्या फितीने बांधते, गाठीवर लाख ओतते आणि लग्नाच्या अंगठीचा ठसा उमटवते. नवऱ्यावरचा विश्वास म्हणून उघडणार नाही. इकडे लंडनमध्ये लुसीला वाचवायला लागणारी सगळी माहिती त्या लाखेखाली बंद. लुसी २० सप्टेंबरला जाते. मीना वही उघडते त्यानंतर तीन दिवसांनी.

माझ्या मते पुस्तकाची जादू इथे आहे. रक्तपिपासू म्हातारा सगळ्यांकडे असतो. कागद योग्य हातात पोचला नाही की माणूस मरतो, हे यंत्र फार थोड्या लेखकांना जमलं.

हिशेबनीस:
+१, आणि याच माळेतला सर्वांत जबर मणी कोणीच काढला नाही. लुसीवर उपचार करणारा डच डॉक्टर व्हॅन हेलसिंग, त्याची १७ सप्टेंबरची तार. मजकूर असा की आज रात्री लुसीच्या घरी हजर राहा, चुकू नका. अँटवर्पहून सुअर्डच्या नावे, पत्ता ‘कारफॅक्स’. परगण्याचं नाव घालायचं राहिलं. तारखात्याने ती ससेक्समधल्या कारफॅक्सला धाडली. कंसातली शेऱ्याची ओळ पाहा: २२ तास उशिरा मिळाली. त्या २२ तासांत लांडगा खिडकीची काच फोडतो, आई धसक्याने मरते, मोलकरणी दारूत मिसळलेल्या अफूच्या अर्काने बेशुद्ध, आणि लुसी एकटी.

यात कुठलंही भूत नाही. पत्त्यात एक शब्द कमी आहे. त्याआधी लसणाच्या फुलांचंही तेच. व्हॅन हेलसिंग हार्लेमहून फुलं मागवतो, खिडक्यांना चोळतो, माळ गळ्यात घालतो आणि कारण कोणाला सांगत नाही. मग लुसीच्या आईने खोलीत उग्र वास मारतो म्हणून फुलं उचलली आणि खिडकी उघडली, यात तिचा काय दोष? हृदयाचं दुखणं आहे म्हणून तिला काही सांगायचं नाही असं डॉक्टरांनीच ठरवलेलं.

रामदासपेठी:
आणि मीनाचंही तेच. ३० सप्टेंबरच्या रात्री पुरुषमंडळी ठरवतात की बाईच्या जिवाला हे सोसणार नाही, तिला बैठकीतून वगळा. सगळे कागद टंकून, तारखेने लावून, कार्बनच्या तीन प्रती काढून दिल्या तिनेच. तिला झोपायला पाठवून हे काउंटने घेतलेला कारफॅक्सचा वाडा धुंडाळायला जातात आणि काउंट तेवढ्यात तिच्याच खोलीत. पुढे दोन दिवस तिचा चेहरा पांढरा पडत जातो आणि नवऱ्याला वाटतं काळजीने दमली असेल. वाचक इथे पुस्तक फेकायच्या बेतात येतो, आणि तीच लेखकाची इच्छा आहे.

कंपाउंडर:
वैद्यकीय बाजू कोणी घेतली नाही म्हणून. लुसीला चार वेळा रक्त चढवतात. क्रम: लुसीचा नियोजित नवरा आर्थर, सुअर्ड, व्हॅन हेलसिंग, त्यांचा अमेरिकन मित्र क्विन्सी मॉरिस. अकरा-बारा दिवसांत चार वेगवेगळ्या माणसांचं रक्त, कसलीही जुळणी न करता. लँडस्टायनरने रक्तगट मांडले ते १९०१ च्या सुमारास, म्हणजे पुस्तकानंतर. त्यामुळे १८९७ च्या वाचकाला यात काही खटकत नव्हतं. आज वाचताना घाम फुटतो. गट जुळला नाही तर चढवलेल्या पेशी शरीर फोडून टाकतं. ताप, कंबरदुखी, लघवी काळसर, मग मूत्रपिंडं बसतात. लुसीचा गट एबी असेल, किंवा चौघांचे गट योगायोगाने तिला जुळणारे असतील, तरच त्यांचं रक्त पचेल, एवढीच पळवाट.

एक बारीक तपशील सुटू देऊ नका. आर्थरचं रक्त इतकं शुद्ध आहे की त्यातलं फायब्रिन काढायची गरज नाही, असं व्हॅन हेलसिंग म्हणतो. त्या काळी रक्त गोठू नये म्हणून ते भांड्यात ढवळून तंतू वेगळे करत आणि मग चढवत. सायट्रेट घालून रक्त पातळ ठेवायची युक्ती १९१४ ची. स्टोकरने कोणाला तरी विचारून लिहिलंय हे जाणवतं. ‘शुद्ध’ हा शब्द मात्र वैद्यकातला नाही. आर्थर सरदारपुत्र आहे, ते लक्षात ठेवून वाचा.

वऱ्हाडी_वाघ:
बरं, मानलं. पन मंग पेट्यांचं काय? कुठं २९, कुठं ९, कुठं ८. माह्या डोक्याचं दही झालं.

हिशेबनीस:
पेट्यांचा हिशेब मांडून देतो, बैठकीला छापून आणा.

किल्ल्यातून निघाल्या ५०. पावतीवर माल काय, तर ‘साधी माती, प्रयोगासाठी’. जहाज व्हिटबीला लागलं, तिथल्या वकिलामार्फत रेल्वेने लंडनला, गाडीवानाकरवी सगळ्या कारफॅक्सला. काउंटला दिवसा स्वतःच्या मायभूमीच्या मातीत पडावं लागतं, त्यामुळे प्रत्येक पेटी म्हणजे एक बिळ. तो बिळं शहरभर पांगवायला लागतो. ६ चिकसँड स्ट्रीटला, ६ बर्मंडसीच्या जमैका लेनला, ९ पिकॅडिलीच्या घरी. कारफॅक्सला उरल्या २९. बेरीज ५०, चोख.

ही बेरीज पात्रांना आयती मिळत नाही. हार्कर हमालांना गाठतो, दारूचे पैसे देतो, एकाच्या डायरीतली मोडकी नोंद वाचतो, आणि एकेक आकडा जमवतो. मग प्रत्येक पेटीत पवित्र भाकरीचा तुकडा ठेवून ती निकामी करायची. ३ ऑक्टोबरला पिकॅडिलीत जातात तर ९ ऐवजी ८ निघतात. राहिली १. तेवढ्या एका पेटीत काउंट ‘झारिना कॅथरीन’ जहाजावर चढून परत निघतो.

पिकॅडिलीच्या घरात शिरण्याची युक्तीही बघण्यासारखी. रात्री कुलूप फोडलं तर पोलिस येतील. म्हणून भरदिवसा, सर्वांदेखत, सरदार आर्थर रीतसर कुलूपवाला बोलावतो आणि आपलंच घर असल्यासारखं उघडून घेतो. पोलिस बघून पुढे जातो.

मध्यरात्रीचा_चहा:
भरदिवसा यावरून आठवलं. ‘उन्हात आला की जळून खाक’ हा नियम पुस्तकात नाही, तो १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातून आला. पुस्तकात काउंट दिवसाढवळ्या पिकॅडिलीत उभा असतो आणि एका सुंदर मुलीकडे टक लावून बघतो. दिवसा त्याची शक्ती जाते, एवढंच. तेव्हा रूप पालटायचं तर सूर्योदय, माध्यान्ह, सूर्यास्त या तीनच वेळा.

बाकी नियम: पहिल्यांदा घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. वाहतं पाणी स्वबळावर ओलांडायचं तर ऐन भरतीला किंवा ओहोटीच्या थांब्यालाच. हे सगळं अठराव्या प्रकरणात एका दमात येतं. डार्क फॅन्टसी आणि नुसती भुताची गोष्ट यांत मला फरक इथे दिसतो. भुताला काहीही करता येतं. इथे दुष्टाला कायदा लागू आहे, आणि कायदा आहे म्हणून डावपेच आहेत.

संत्राबर्फी:
पण मग शेवट? मेल्यावर रक्तपिपासू झालेल्या लुसीला मारताना मेखही ठोकतात, शिरही कापतात, तोंडात लसूणही भरतात. किल्ल्यातल्या तिघी रक्तपिपासू बायांना मेख आणि शिरच्छेद. आणि खुद्द काउंटला दोन सुरे, दोन ओळी, धूळ. साडेतीनशे पानं पळवून अशी बोळवण?

वऱ्हाडी_वाघ:
सुरे नाही म्हनू नका. हार्करच्या हाती कुकरी आहे, आपल्या गुरख्यांची! ते गळ्यातून जाते, अन् क्विन्सीचा बोवी सुरा छातीत. पुस्तकात इकडची एक वस्तू, अन् तेच काउंटचा गळा कापते. मले तं हा शेवट झकास वाटते.

मध्यरात्रीचा_चहा:
बाजू मांडतो. गळा आणि हृदय, दोन्ही एकाच क्षणी. मेख आणि शिरच्छेदाचं कामच पोलादाने उरकलंय असं म्हणता येतं. सूर्य बुडायला क्षणभर उरलेला, विधीला वेळ नाही. पण बर्फींचं म्हणणं रास्त आहे, नियम इतके काटेकोर मांडल्यावर वाचक पावती मागणारच. टंकलिखित प्रतीत किल्लाही कोसळून नाहीसा होतो, छापण्याआधी तो भाग काढला गेला. एकदम धडामधूम शेवट नको वाटला असेल. मला स्वतःला कोसळलेला किल्ला आवडला नसता.

अजनीची_आजी:
उशिरा आले, पण दोन गोष्टी नागपूरच्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर कळतील म्हणून लिहिते.

एक, ४ मेची रात्र. गाडी खिंडीतून जाताना गाडीवान मध्येच उतरतो आणि रानात पेटलेल्या निळ्या ज्योतींभोवती दगड रचून खुणा करतो. ती संत जॉर्जच्या सणाची पूर्वसंध्या, त्या रात्री पुरलेल्या धनावर निळी ज्योत दिसते असा तिकडचा समज. एमिली जेरार्ड या बाईंनी १८८५ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातल्या समजुतींवर लेख लिहिला होता, स्टोकरने त्यातून उचललं. तो स्वतः तिकडे कधी गेला नव्हता. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाखाली काय काय चालतं हे विदर्भात कोणाला सांगायला नको, म्हणून हा प्रसंग आपल्याला परका वाटत नाही. वाचताना बघा, हार्करला नुसतं नवल वाटतं. गाडीवान कोण आहे हे त्याला फार उशिरा उमगतं.

दुसरी मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी निघते, गावातली रोगराई, ईडापिडा तिच्या माथी घालून ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिला शीव पार करून जाळायची. आपली कल्पना अशी की वाईट गोष्ट हाकलून गावाबाहेर नेता येते. स्टोकर नेमकं उलटं करतो. वाईट गोष्ट पेटीत बसून, भाडं भरून, वकिलाच्या सहीने, रेल्वेच्या मालगाडीतून शहराच्या मध्यात येते. कुणी तिला आणलं? हार्करने, घर विकत घेण्याचे कागद करून. काउंट किल्ल्यात बसून लंडनची निर्देशिका, वकिलांची यादी आणि ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक वाचत असतो, ते यासाठीच. ते वेळापत्रक पुढे मीनालाही तोंडपाठ निघतं, आणि शिकार उलटते.

वेताळ मात्र मध्ये ओढू नका असं आधीच सांगते. बर्टनने १८७० साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या, स्टोकर बर्टनला भेटला होता आणि त्याच्या सुळ्यांबद्दल त्याने लिहूनही ठेवलंय. मोह होतो. पण त्यावरून ‘ड्रॅक्युला आपलाच’ म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरातल्या हंड्यावर आपलं नाव घालणं.

कागदोपत्री:
आजी, दंडवत. त्याच चालीवर, वालाकियाचा (आजच्या रोमेनियातला) जुना राजा व्लाड टेपेश, ज्याला लोक खरा ड्रॅक्युला म्हणतात, त्याचंही फार ओढू नये. स्टोकरच्या टिपणवह्या फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत काउंटचं आधीचं नाव ‘वँपिर’ आणि घटनास्थळ ऑस्ट्रियातलं स्टायरिया. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबीच्या वाचनालयात विल्किन्सनचं वालाकियावरचं जुनं पुस्तक हाती आलं, तिथून ‘ड्रॅक्युला’ हे नाव घेतलं. रोमेनियातला ब्रानचा किल्ला दाखवून पर्यटकांचे पैसे घेतात तो वेगळा धंदा.

डीमीटरचं मूळ मात्र पक्कं आहे. १८८५ मध्ये ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज व्हिटबीलाच किनाऱ्यावर चढलं होतं. स्टोकरने तिथे चौकशी करून टिपणं घेतली.

संत्राबर्फी:
आता व्यवहाराचं बोला. प्रत कुठली घ्यायची? आणि कुठे वगळलं तर चालेल?

कागदोपत्री:
फुकट हवी असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर पूर्ण मजकूर आहे. छापील घेताना जपून. सीताबर्डीच्या पदपथावर मिळणाऱ्या बारीक प्रती बहुतेक मुलांसाठी कापलेल्या असतात. संक्षिप्त करण्याची चाल जुनीच आहे, १९०१ ची स्वस्त आवृत्तीही कापलेलीच होती. पारख सोपी. प्रकरणं २७ हवीत. अकराव्या प्रकरणाच्या शेवटाकडे २२ तास उशिराच्या तारेची ओळ शोधा. ती नसेल तर प्रत परत ठेवा. टिपांसकट हवी तर क्लिंगर यांची २००८ ची सटीप आवृत्ती, पण ती जाडजूड आणि महाग, गटात एक पुरे.

वगळण्याबद्दल. व्हॅन हेलसिंगची भाषणं, विशेषतः चौदाव्या प्रकरणातलं वटवाघळं-कासवं-कोळी वगैरे, भरभर नजर फिरवून घ्या. त्याचं मोडकं इंग्रजी पहिल्या दहा पानांत गंमत, मग शिक्षा. अठरावं मात्र अक्षर न् अक्षर वाचा.

लोक सहाव्या प्रकरणातला म्हातारा स्वेल्स वगळतात, कारण त्याची यॉर्कशायरची बोली कळत नाही. ही चूक करू नका. तो सांगतो की या दफनभूमीतले निम्मे दगड खोटं बोलतात, खाली प्रेतंच नाहीत, माणसं समुद्रात गेली. आणि लुसीचा आवडता बाक ज्या थडग्यावर आहे त्यात आत्महत्या केलेला माणूस आहे. काउंट व्हिटबीला आल्यावर लुसी झोपेत चालत येऊन त्याच बाकावर सापडते, ते का, याचं उत्तर स्वेल्सच्या बडबडीत आहे. स्वेल्सही तिथेच मान मोडून मेलेला मिळतो.

कंपाउंडर:
रेनफिल्ड पण वगळू नये. माश्या, मग कोळी, मग चिमण्या, मग मांजराचं पिल्लू मागतो. सुअर्ड प्रत्येक वेळी वहीत आकडे टिपतो आणि तरी त्याला कळत नाही. सुअर्डच्या फोनोग्राफचीही हीच गत. महिनोन्‌महिने नळकांडी भरली, पण त्यातून एखादी तारीख शोधायची कशी हा विचारच केला नव्हता, हे तो मीनासमोर कबूल करतो. ती टंकून देते तेव्हा कुठे ती माहिती होते. काउंट पुढे ते कागद आणि नळकांडी जाळतो. तिजोरीत एक प्रत असते म्हणून बचावले.

हिशेबनीस:
म्हणूनच शेवटच्या टिपेत हार्कर कुरकुरतो की आता अस्सल कागद जवळपास एकही उरला नाही, नुसती टंकलेल्या पानांची चळत. आपण ती चळतच वाचत होतो.

अवांतर: धारपांची ‘लुचाई’ वाचलेल्यांना बोलावल्याशिवाय उंबरा न ओलांडण्याची गोष्ट ओळखीची वाटेल. ती स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली, आणि किंगची थेट स्टोकरवर. गावाचा आवाका घेतला, कागदपत्रांचं यंत्र दोघांनीही सोडून दिलं.

रामदासपेठी:
बरंच निघालं. वेळापत्रक असं ठरवतो, हरकत असेल तर शनिवारपर्यंत सांगा.

३ मे ते ७ ऑगस्ट निव्वळ तारखेने. पाचव्या प्रकरणातली मेमधली पत्रंही त्यांच्या त्यांच्या दिवशी. डीमीटरची नोंदवही जुलैत कोणीही उघडायची नाही. ८ ऑगस्टचं कात्रण आधी, लगेच नोंदवही, पुस्तकातल्याच क्रमाने. म्हणजे तीन कोऱ्या दिवसांचा मुद्दा सोडावा लागतो, पण प्रेताचा धक्का वाचतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. तिथून २८ सप्टेंबरपर्यंत पुन्हा तारखेने. १७ ते २३ ही प्रकरणं तारीख सोडून, आठवड्याला दोन. ज्यांना रोज जमत नाही त्यांनी रविवारी आठवड्याचं एकदम वाचावं. शेवटचं २७वं प्रकरण ६ नोव्हेंबरलाच एकत्र.

पहिली बैठक मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला महाराजबागेत. त्याआधी आरशाच्या प्रसंगापर्यंत, म्हणजे ८ मेपर्यंत, वाचून या. हिशेबनीस, पेट्यांचा कागद ऑगस्टपर्यंत कोणाला देऊ नका.

संत्राबर्फी:
साडेसात चालेल. आठनंतर ऊन असतं, काउंटला चालतं, मला नाही.

वऱ्हाडी_वाघ:
अन् त्या स्वेल्सबुवाले मोठ्यानं वाचनार कोन? आमच्याच्यानं ते इंग्रजी होनार नाही.

अजनीची_आजी:
तुम्हीच वाचा. वऱ्हाडीत करून आणा, म्हातारा खेड्यातलाच आहे.